वीस मिलिग्रॅमचं वचन

चंद्रमौळींच्या निरोप समारंभात मी तमिळमध्ये भाषण करीन, हे वचन खरं म्हणजे मी दिलेलं नाही. ते माझ्या पोटातल्या वीस मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनने दिलं. पण सभेच्या इतिवृत्तात गोळीचं नाव लिहायची पद्धत नसल्यामुळे तिथे 'श्री. रत्नाकर गुळवणी, लेखाधिकारी' असं पडलं, आणि सरकारी इतिवृत्तात एकदा पडलेलं नाव ब्रह्मदेवालाही खोडता येत नाही. खोडलंच तर शेजारी सही करावी लागते.

सुरुवात झाली २००६ सालच्या ऑगस्टात, एका सदऱ्यापासून. सकाळी आंघोळ करून सदरा घालायला गेलो तर हात खांद्याच्या वर जाईनात. डावा जाईना म्हणून उजवा घालून पाहिला, तर तोही डाव्याच्या पक्षाला मिळालेला. शेवटी मी कमरेत वाकून, सदरा पलंगावर पसरून, त्यात खालून शिरण्याचा प्रयत्न करत असताना जयवंती चहा घेऊन आली.

"हे काय चाललंय?" तिने विचारलं.

"सदरा घालतोय."

"बरं. मला वाटलं, पलंगाखाली काही हरवलं."

बायकोला नवऱ्याच्या आजाराची पहिली बातमी अशी मिळावी, हे काही शोभादायक नाही. पण पुढच्या आठवड्यात खुर्चीतून उठायला मला टेबलाचा, टेबल सरकलं तर भिंतीचा आणि भिंत लांब असली तर जयवंतीचा आधार लागू लागला, तेव्हा तिचीही थट्टा थांबली.

त्या वर्षी चेन्नईत चिकुनगुनियाची साथ होती. साथ कसली, तो जवळजवळ रहिवासी दाखला होता. ज्याला चिकुनगुनिया झाला नाही तो गावाबाहेरचा. आमच्या बसथांब्यावर निम्मी माणसं अशी उभी असत की जणू कुणी त्यांना सांध्यांत घडी घालून विसरून गेलंय. त्यामुळे माझं दुखणं ऐकायला कुणी तयारच नव्हतं. मी "खांदे..." म्हणायचा अवकाश, समोरचा "गुडघे, घोटे, मनगटं, सगळं!" असं म्हणून आपली यादी सुरू करायचा.

यात आघाडीवर आमचे घरमालक. अड्यारमध्ये आम्ही तळमजल्यावर भाड्याने राहतो आणि वर राघोत्तमराव आणि कनकाबाई राहतात. हे तंजावरकडचे मराठी. यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी आपली मराठी घेऊन इकडे आले आणि ती त्यांनी लोणच्यासारखी बरणीत जपून ठेवली. मुरताना तिच्यात तमिळ मसाला उतरला, एवढंच. कनकाबाई बोलू लागल्या की मला एखादी बखर आपल्याशी बोलतेय असं वाटतं, आणि बखरीला उलट उत्तर कोण देणार?

"ऐयो, रत्नाकरराव, हें चिकुनगुनियाच कीं!" त्या जिन्यावरूनच म्हणाल्या.

"पण मला ताप नाही आला."

"नाहीं आला? येईल. कंडिप्पा येईल!"

'कंडिप्पा' म्हणजे नक्की, हमखास. इतक्या प्रेमाने मला तापाचं आश्वासन आजवर कुणी दिलं नव्हतं. लगेच दुसऱ्या दिवसापासून वरून मुडक्कत्तानच्या पाल्याचे हिरवेगार डोसे येऊ लागले. मुडक्कत्तान म्हणजे सांधे मोकळे करणारी वेल. बारा दिवस मी ते डोसे खाल्ले. सांधे होते तसेच राहिले. याच वेलीला मराठीत कपाळफोडी म्हणतात हे तेराव्या दिवशी कळलं आणि मी डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टर नित्या म्हणजे संधिवाताच्या तज्ज्ञ. वय आमच्या पुण्यातल्या पुतणीएवढं, पण आवाजात मुख्याध्यापिका. त्यांनी रक्त तपासलं, मला हात वर करायला सांगितले, मी भुवया वर केल्या, आणि त्यांनी निदान केलं: पॉलिमायल्जिया रुमॅटिका. मला तर एखाद्या इटालियन नटीशी ओळख करून दिल्यासारखं वाटलं.

"तुमच्या शरीराचं संरक्षण खातं चुकून स्वतःच्याच खांद्यांवर आणि कमरेवर लाठीमार करतंय," त्या म्हणाल्या. "दाह आहे. स्टेरॉइडने तीन दिवसांत आराम पडेल. पण ही गोळी सुरू करणं सोपं, सोडणं कठीण. अगदी हळूहळू उतरवायची. दीड वर्ष लागेल, जास्तही. मध्येच एकदम थांबवली तर जिवावर बेतू शकतं, आणि घाईने कमी केली तर दुखणं उलटतं. तेव्हा माझ्याशी बोलल्याशिवाय एक कणसुद्धा कमी करायचा नाही."

मी मान डोलवली. मान तेवढी तेव्हा हलत होती.

घरी आल्यावर मी राघोत्तमरावांना जिन्यातच थांबवून सांगितलं की मला चिकुनगुनिया नसून पॉलिमायल्जिया रुमॅटिका झालेला आहे. अख्ख्या अड्यारमध्ये कुणाला नसलेला आजार! राघोत्तमरावांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि वर तोंड करून ओरडून सांगितलं, "कनका, यांना चिकुनगुनियाच हाय, पण इंग्रजींतला."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, सदरा घातला, बटणं लावली, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी सदरा घातला! मी तो काढून पुन्हा घातला. मग दुसरा घातला. जयवंती उठेपर्यंत मी कपाटातले सगळे सदरे घालून पाहिले होते आणि स्टुलावर उभा राहून पंख्याची पाती पुसत होतो.

पुढचे सहा आठवडे मी आयुष्यात कधी नव्हतो इतका आनंदी होतो. डॉक्टर नित्यांनी बजावलं होतं की या गोळीने मन जरा उधळतं. पण उधळलेल्या माणसाला आपण उधळलोय असं थोडंच वाटतं? त्याला वाटतं, बाकीचे सगळे पेंगताहेत. मी बसच्या रांगेतल्या अनोळखी माणसांना नमस्कार करू लागलो. जयवंतीच्या डब्यांना लेबलं लावली. साखरेच्या डब्यावर 'साखर' आणि रिकाम्या डब्यावर 'रिकामा'. कार्यालयात दोन वर्षं अडलेली एक फाइल मी चार दिवसांत हलवली, तेव्हा वरिष्ठांनी मला बोलावून घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं.

आणि भूक! नवरात्रात कनकाबाईंकडे बाहुल्यांची गोलू मांडलेली असते. संध्याकाळी बायका येतात, गाणी म्हणतात, आणि जाताना द्रोणात सुंडल, म्हणजे नारळ घातलेली हरभऱ्यांची उसळ, घेऊन जातात. ललितापंचमीला कनकाबाई म्हणाल्या, "रत्नाकरराव, मीं आरतीचें ताट आणत्यें, तोंवर जरा या पातेल्यावर नजर ठेवा." मी नजर ठेवली. मग चमचा ठेवला. त्या परत आल्या तेव्हा चौदा बायका गाणं संपवून बसल्या होत्या, आणि पातेल्याचा तळ मला माझंच प्रतिबिंब दाखवत होता.

कनकाबाईंनी पातेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्या बायकांना तमिळमध्ये काहीतरी म्हणाल्या. सगळ्या माझ्याकडे करुणेने पाहू लागल्या. "मी त्यांना सांगितलें," त्या मला नंतर म्हणाल्या, "कीं पाहुण्यांस औषधाचें वेड लागलेंय."

प्रतिबिंबाचं म्हणाल तर तेही बदललं होतं. माझा चेहरा मूळचा उभट. तो गोल होऊ लागला. आधी गाल भरले, मग हनुवटी गालांत सामील झाली. वैद्यकात याला चंद्रमुख म्हणतात. बायकांच्या बाबतीत कवी ज्या शब्दासाठी जीव टाकतात, तो त्रेपन्न वर्षांच्या लेखाधिकाऱ्याच्या केसपेपरवर लिहिलेला पाहून माझं मन कसं झालं असेल!

कार्यालयाच्या फाटकावर पहारेकऱ्याने मला अडवलं. ओळखपत्रावर फोटो होता एकोणनव्वद सालचा: बारीक मान, खोल गाल, चेन्नईला बदली झाल्याची भीती डोळ्यांत. त्याने फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि सांगितलं, "या साहेबांना मी ओळखतो. ते तुम्ही नव्हे."

प्रकरण प्रशासन अधिकाऱ्यांकडे, म्हणजे चंद्रमौळींकडे गेलं.

चंद्रमौळींबद्दल सांगायलाच हवं. उंची सहा फूट, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि पट्ट्यांखाली अशी नजर की अर्ज आपोआप तीन प्रतींत होई. एकतीस वर्षांच्या नोकरीत ते हसले असल्याची नोंद कुठल्याही फाइलीत नाही. आमची दोघांची भाषा इंग्रजी, कारण चेन्नईत सतरा वर्षं काढूनही माझी तमिळ 'पोदुम' आणि 'वेंडाम' या दोन शब्दांपुढे गेली नव्हती. एक म्हणजे पुरे, दुसरा म्हणजे नको. मराठी मध्यमवर्गीयाला जगायला एवढं पुरतं.

"मिस्टर गुळवणी," ते म्हणाले, "हा चेहरा या फोटोशी जुळत नाही."

"सर, आपण शेजारच्या खोलीत बसतो. सतरा वर्षं."

"मी तुम्हाला ओळखतो. प्रश्न कार्यालय ओळखतं की नाही हा आहे. आपण तेच आहात असा राजपत्रित अधिकाऱ्याचा दाखला आणा."

"सर, आमच्या विभागात राजपत्रित अधिकारी मीच आहे."

चंद्रमौळींनी यावर खरोखर विचार केला. मग म्हणाले, "तुम्ही तुम्हालाच दाखला द्यायचा, तर आधी तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध व्हावं लागेल."

अकरा दिवस मी पाहुण्यांच्या नोंदवहीत सही करून स्वतःच्या खोलीत गेलो. 'कोणास भेटावयाचे' या रकान्यात रोज 'रत्नाकर गुळवणी' लिहायचो. बाराव्या दिवशी वरिष्ठांचा दाखला मिळाला.

दुसरा कुणी असता तर त्याने चंद्रमौळींचा जन्मभर राग धरला असता. पण मी वीस मिलिग्रॅमवर होतो. माझं सगळ्या जगावर प्रेम होतं. ऑक्टोबरात त्यांच्या निरोप समारंभाच्या तयारीची सभा भरली. जानेवारीअखेर ते निवृत्त व्हायचे होते. 'त्यांच्याविषयी चार शब्द कोण बोलेल?' असा प्रश्न आला आणि सभागृहात अशी शांतता पसरली की पंख्याला संकोच वाटावा. कुणी खिडकीबाहेर पाहत होतं, कुणी बोटं मोजत होतं. मला त्या शांततेचं इतकं वाईट वाटलं की मी ताडकन उठलो.

"मी बोलेन!" मी म्हणालो. "अर्धा तास! आणि तमिळमध्ये!"

टाळ्या पडल्या. त्या सुटकेच्या होत्या, हे कळायला मला साडेबारा मिलिग्रॅमपर्यंत उतरावं लागलं.

कारण मग उतरण सुरू झाली. डॉक्टर नित्यांनी तक्ता दिला: वीस, साडेसतरा, पंधरा, साडेबारा. गोळी पाचाची, म्हणजे अडीचासाठी अर्धी करणं आलं. सुरीने केली तर चुरा होई. शेवटी जयवंतीने सासूबाईंचा अडकित्ता काढला. अडकित्त्याने गोळी छान दुभंगते, फक्त एक अर्धं जागेवर राहतं आणि दुसरं देशोधडीला लागतं. एक फ्रिजखाली गेलं, एक राघोत्तमरावांच्या कॉफीत पडलं असा आमचा दाट संशय आहे, कारण त्या दिवशी सत्तरीच्या राघोत्तमरावांनी अंगणातला सगळा पालापाचोळा एकट्याने झाडून काढला.

आणि गोळी उतरली तसा उत्साहही उतरला. एखाद्या घरात पाहुणा भरमसाट आमंत्रणं देऊन निघून जावा आणि जेवायला आलेली माणसं यजमानाच्या दारात उभी राहावीत, तशी माझी गत झाली. वीस मिलिग्रॅमचा गुळवणी सगळ्यांना शब्द देऊन परागंदा झाला होता, आणि साडेबारावाल्या गुळवण्याच्या हातात तमिळची अंकलिपी होती.

शिकवणी कनकाबाईंकडे. रोज संध्याकाळी एक तास. त्यांनी भाषण लिहून दिलं, मी ते देवनागरीत उतरवून घेतलं, अर्ध्या तासाचं सात मिनिटांवर आणलं. "जीभ मागें वळवा," त्या म्हणत. "अजून मागें. टाळूला लावूं नका. ऐयो, गिळूं नका!" जयवंती स्वयंपाकघरात तोंडात पदर धरून बसलेली असे. गंमत म्हणजे ती ऐकून ऐकून शिकली आणि महिनाभरात भाजीवाल्याशी भांडू लागली. मी मात्र तिथेच.

जानेवारीत दहावर आलो. चेहरा बराच उतरला होता, पण गोलाई होती. आणि समारंभाचा मोठा फोटो निघणार, तो चौकटीत घालून सभागृहात कायमचा लागणार, हे कळलं. पुढची वीस वर्षं भिंतीवर कोहळा होऊन राहायचं? मी लेखाधिकारी आहे, हिशेब केला. महिन्याला अडीच कमी केल्याने एवढा फरक, तर एकदम पाच कमी केल्याने दुप्पट फरक. संक्रांतीनंतर मी कुणालाही न सांगता दहाचे पाच केले. जयवंतीलासुद्धा नाही. ती रोजच्या दोन गोळ्या मोजून ठेवायची, आणि मी त्यातली एक खिशात घालून बसथांब्यामागे टाकायचो. चोरी करावी तर अशी, की ज्यात चोर आणि मालक दोघांचंही नुकसान.

आठ दिवस काही झालं नाही. नवव्या दिवशी खांदे कुरकुरले. बाराव्या दिवशी कमरेने असहकार पुकारला. एकतीस जानेवारीला सकाळी मी पुन्हा पलंगावर पसरलेल्या सदऱ्यात खालून शिरत होतो.

जयवंती दारात उभी. या वेळी ती थट्टा करत नव्हती. "किती दिवस?" तिने विचारलं.

"दोन आठवडे."

"मला का नाही सांगितलंत?"

तिने सदरा ओढून अंगात घातला, बटणं लावली, आणि डोळे पुसले. "आज बोलून या," ती म्हणाली, "उद्या बोलते मी." तिने त्याच वेळी दवाखान्यात फोन केला. डॉक्टर नित्या जे बोलल्या ते मला पलंगापर्यंत ऐकू येत होतं. तिथल्या तिथे दहा घ्यायची आणि उद्या सकाळी समोर हजर व्हायचं.

दहा घेतले, पण त्याने दुपारपर्यंत काय होणार? सभागृह भरलं होतं. चंद्रमौळी पांढऱ्याशुभ्र वेष्टीत, म्हणजे तमिळ धोतरात, गळ्यात हार, नजर तीच. कनकाबाई आणि राघोत्तमराव माझे पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत. माझं नाव पुकारलं गेलं. खुर्चीतून उठायलाच मला इतका वेळ लागला की लोकांना वाटलं, मी भावनावश झालोय.

"अनैवरुक्कुम वणक्कम!" म्हणजे सर्वांना नमस्कार. टाळ्या! कनकाबाईंचे ओठ माझ्यासोबत हलत होते. पहिली तीन मिनिटं निभावली. मग आलं ते मुख्य वाक्य: यांनी आम्हा सर्वांना वाट दाखवली. तमिळमध्ये वाट म्हणजे 'वळि', आणि त्यातला ळ आपला साधा ळ नव्हे. त्याला जीभ पार मागे वळवावी लागते. आता माझं अंगच वळत नव्हतं, तिथे जीभ कुठून वळणार? मी सरळ 'वलि' म्हणालो.

'वलि' म्हणजे वेदना.

"चंद्रमौळी सरांनी," मी शुद्ध तमिळमध्ये गरजलो, "एकतीस वर्षं आम्हा सर्वांना वेदना दाखवली!"

कनकाबाईंनी डोळे मिटले. मग शेवटच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं. मला वाटलं, वाक्य पोचलं. मी जोर चढवला. "लहानांना वेदना! थोरांना वेदना! जो जो त्यांच्या खोलीत गेला, तो वेदना घेऊनच बाहेर आला! आणि निवृत्तीनंतरही ते आम्हाला अशीच वेदना देत राहतील, अशी माझी खात्री आहे!"

सभागृह कोसळलं. माणसं एकमेकांच्या खांद्यांवर पडून हसत होती. पहारेकरी दाराला धरून उभा होता. मी गोंधळून चंद्रमौळींकडे वळलो, आणि पाहतो तो काय, विभूतीचे तीन पट्टे थरथरताहेत, खांदे हलताहेत आणि सहा फुटांचा तो माणूस तोंडावर उपरणं धरून हसतोय. डोळ्यांतून पाणी वाहतंय. त्यांचे दात सगळ्यांनी त्या दिवशी प्रथमच पाहिले. चांगले होते.

मग पोन्नाडै, म्हणजे सत्काराची शाल. ती पांघरण्याचा मान भाषण करणाऱ्याचा. मी शाल घेतली आणि हात वर करू लागलो. ते छातीपर्यंत आले आणि थांबले. समोर सहा फुटी माणसाचे खांदे. मी टाचा उंचावल्या. शाल थरथरली. घाम फुटला. चंद्रमौळींनी हसणं थांबवलं आणि एक क्षण माझ्याकडे निरखून पाहिलं.

"काय झालं?" त्यांनी हळूच विचारलं.

"हात वर जात नाहीत, सर. गोळी कमी केली."

"कुणाच्या मंजुरीने?"

"माझ्याच."

"सक्षम प्राधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय?" ते कुजबुजले. एवढा धक्का त्यांना भाषणानेही बसला नव्हता. आणि मग ते कमरेतून वाकले. खूप खाली, माझ्या छातीच्याही खाली. मी शाल त्यांच्या पाठीवर टाकली, आणि नेमका तेव्हाच फोटो निघाला. सभागृहात आज तो लागलेला आहे. त्यात प्रशासन अधिकारी माझ्या पायाशी वाकलेले दिसतात आणि मी आशीर्वाद देतोय असं वाटतं. चेहरा माझा गोलच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला दारावर घंटी. चंद्रमौळी उभे. निवृत्तीचा पहिला दिवस, तरी इस्त्रीचा सदरा, काखेत कोरी फाइल.

"डॉक्टरकडे किती वाजता जायचं आहे?" त्यांनी विचारलं.

जयवंतीने त्यांना आत घेतलं. मला बोलायला तिने जी तयारी करून ठेवली होती, ती सगळी तिने तमिळमध्ये त्यांना ऐकवली. ते प्रत्येक मुद्द्यावर मान डोलवत होते. मला त्यातलं फक्त 'पोदुम' कळलं.

दवाखान्यात डॉक्टर नित्यांनी मला पंधरा मिनिटं झापलं. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरलेलं असतं, त्याला आठवण यायला वेळ द्यावा लागतो, तुम्ही नशीबवान, नुसतं दुखण्यावर भागलं. चंद्रमौळी उभ्याने ऐकत होते. त्यांच्याहून तीस वर्षांनी लहान असलेल्या त्या मुलीकडे ते अशा आदराने पाहत होते, की जणू जन्मभर ज्याच्या नावाने पत्रं लिहिली तो सक्षम प्राधिकारी अखेर सदेह भेटला.

"साडेबारावर परत," डॉक्टर म्हणाल्या. "महिनाभर. आणि मग याहूनही हळू."

चंद्रमौळींनी फाइल उघडली. पहिल्या पानावर त्यांनी विषय लिहिला: 'श्री. गुळवणी यांची मात्रा कमी करणेबाबत.'

तेव्हापासून दर गुरुवारी सकाळी दहाला चंद्रमौळी येऊ लागले. मी कामावर उशिरा जायची परवानगी काढली. अर्ज त्यांनीच लिहून दिला, त्यामुळे नाकारणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. गोळ्या मोजायच्या, रक्तदाब लिहायचा, साखरेचा अहवाल टाचायचा, शेवटी दोघांच्या सह्या. दहाच्या खाली उतरताना डॉक्टरांनी एक दिवस दहा आणि एक दिवस साडेसात असं ठरवलं. मी सोय म्हणून विषम तारखेला दहा, सम तारखेला साडेसात असं केलं. मे महिन्यात एका गुरुवारी चंद्रमौळींचं बोट फाइलीतल्या एका ओळीवर थांबलं.

"मिस्टर गुळवणी, एकतीस ही कोणती संख्या?"

"विषम."

"आणि एक?"

एकतीस तारखेला दहा आणि लगेच एक तारखेला पुन्हा दहा! आणि मी लेखाधिकारी! तीस वर्षांच्या नोकरीत असा मुखभंग झाला नव्हता. डॉक्टरांना फोन केला तर त्या हसून म्हणाल्या, काही बिघडत नाही. त्या 'बिघडत नाही'ने चंद्रमौळी दोन आठवडे दुखावलेले होते. मग त्यांनी आठवड्याच्या वारांवर आखलेला नवा तक्ता आणला, तर आठवड्याचे वार निघाले सात. रविवार कुणाचा, यावर जयवंती, राघोत्तमराव आणि ते यांच्यात तीन गुरुवार चर्चा झाली.

मध्ये दोनदा दुखणं डोकावलं, दोनदा आम्ही एक पायरी परत चढलो. मी वैतागलो, एकदा रडलोसुद्धा. चंद्रमौळींनी ती पायरी फाइलीत तांबड्या शाईऐवजी निळ्या शाईने लिहिली. शिस्तीच्या माणसाची माया अशीच असते, शाईच्या रंगातून ओळखावी लागते. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती आणि घरात बोलायला कुणी नव्हतं, हे मला सतरा वर्षं शेजारी बसून नाही, तर अशाच एका गुरुवारी कळलं.

दोन हजार आठच्या जूनमध्ये डॉक्टर नित्यांनी शेवटची अर्धी गोळी बंद केली. रक्त चांगलं, हात वर, चेहरा उभट. "पण लक्ष ठेवा," त्या म्हणाल्या. "हा आजार कधीकधी परत येतो."

कनकाबाईंनी केसरी, म्हणजे तिकडचा केशरी शिरा, केली. मला अख्खं पातेलं दिलं आणि समोर बसून राहिल्या. मी दोन चमचे खाऊन पातेलं खाली ठेवलं, तेव्हा त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

चंद्रमौळी टेबलाशी बसले होते. समोर फाइल, आता चार इंच जाड. पेन उघडून ते बराच वेळ शेवटच्या पानाकडे पाहत होते. फाइल बंद करायची म्हणजे काय लिहावं लागतं, हे कार्यालयात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण पेन हलेना.

मला त्यांच्याकडे पाहवेना. मी लेखाधिकारी आहे. काही गोष्टी मलाही येतात.

"सर," मी म्हणालो, "डॉक्टरांनी लक्ष ठेवायला सांगितलंय. परत येऊ शकतो म्हणाल्या. अशा परिस्थितीत प्रकरण बंद करणं नियमात बसतं का?"

त्यांनी वर पाहिलं. विभूतीचे पट्टे किंचित हलले.

"बसत नाही," ते म्हणाले. "मुळीच बसत नाही." आणि त्यांनी आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं: 'प्रकरण प्रलंबित. साप्ताहिक आढावा चालू ठेवावा.' खाली सही केली, फाइल माझ्याकडे सरकवली, आणि मी सही करेपर्यंत जयवंतीला मलाही कळेल अशा सोप्या तमिळमध्ये विचारलं की येत्या गुरुवारी नाश्त्याला काय आहे.